जावयाचं ऑइल

माझी मोटरसायकल दोन गाड्यांची मिळून एक हाय. इंजिन एका मेलेल्या गाडीचं, बाकीचं अंग दुसऱ्या मेलेल्या गाडीचं. दोन मढी जोडून एक जित्ती करायची कला आमच्या सास्तूर गावात एकाच माणसापाशी हाय, ते म्हंजी स्टँडाजवळचे मिस्त्रीचाचा. वय सत्तरीकडं झुकलेलं. दाढी सगळी पांढरी, पर टोक कायम काळं, कारण इचार करताना ऑइलाचा हात दाढीवरनं फिरवायची सवय. भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडात त्यांचं दुकान. म्होरं लिंबाचं झाड, आन झाडाखाली माझ्यासारख्यांच्या गाड्या पोट उघडं टाकून पडलेल्या.

ही गाडी माझ्या ताब्यात देताना चाचांनी एकच अट घातली व्हती.

"कुल्फीवाल्या, हिच्यावर लई मेहनत केली म्या. हिच्या पोटात दुसऱ्या मिस्त्रीचा हात गेला, तर मंग हिला हिकडं आणायची न्हाय. त्याच मिस्त्रीपाशी ठिवायची."

"चाचा, दुसरा मिस्त्री हिला हात तरी लावल का?" म्या म्हणलो.

ह्ये काय म्या चेष्टेनं म्हणलो न्हवतो. तुळजापूरला एकदा पंक्चर झाली, तर तिथल्या मिस्त्रीनं हिच्याकडं खालनं वर बघून इचारलं, "मामा, ही चालत आली का उचलून आणली?" म्या म्हणलो, "निम्मी चालत आली." त्यानं पंक्चर काढलं, पर इंजिनाकडं तोंड बी केलं न्हाय.

धंदा माझा कुल्फीचा. म्हंजी कुल्फी करती मालकीण. पहाटं उठून दूध आटवायचं, साच्यात घालायचं, सगळं तिचं. म्या निस्ता इकतो, आन लोक मलाच म्हणतेत, कुल्फी लई झाक केली. म्या हौ म्हणतो. गाडीच्या मागं लाकडी पेटी, पेटीत बरफ आन मीठ, हँडलाला घंटी. सास्तुरातनं निघायचं, दोन-चार गावं करायची, बाजार असला तर लोहारा गाठायचं. कुल्फीला थांबायचं ठावं न्हाय. गाडी उन्हात तासभर अडली की कुल्फीचं परत दूध व्हतं, आन कुल्फीवाल्याचा दूधवाला. त्यामुळं घर चालतं गाडीवर आन गाडी चालती चाचांवर. एवढं गणित मला शाळेचं तोंड न बघता बी येत व्हतं. तरी चुकलं.

चाचांच्या दुकानात ऑइल बदलायची एक रीत हाय. गाडीतनं निघालेलं काळं ऑइल कुणी फेकत न्हाय. कुणाच्या गाडीचं काळं ऑइल कुणाला, ह्ये ठरलेलं. शाळेतल्या गुरुजींच्या गाडीचं एका बाईच्या दाराला जातं, वाळवी लागू ने म्हणून. माझ्या गाडीचं जातं आप्पांच्या बैलगाडीला. आप्पा आमचे शेजारी, आळीतले सगळ्यात वडील. सगळ्यांनी टायरच्या गाड्या केल्या तरी त्यांनी आपली लाकडी चाकाची गाडी सोडली न्हाय. माझं काळं ऑइल चिंधीवर घेऊन ते चाकात वंगण घालतेत. म्या ऑइल बदललं की दुसऱ्या दिशी आप्पांची गाडी गुमान जाती. म्या लांबवलं की चाकं वरडाया लागतेत, आन सगळ्या गावाला कळतं की कुल्फीवाल्यानं ऑइल बदललं न्हाय. चाचा तर घड्याळ बघावं तशी आप्पांची गाडी ऐकतेत.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. लेक सोलापूरला दिलेली. लेक आन जावई धोंडे जेवायला आले, ते बी नव्या कारमधी. आता धोंड्याच्या महिन्यात जावई म्हंजी देव. पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे ताटात वाढायचे, आन त्यो म्हणल त्याला हौ म्हणायचं. आमचे जावई सोभावानं लई गरीब. देवपण दिलं तरी त्यांना त्ये वापरता येत न्हाय. जेवण झाल्यावर अंगणात आले आन माझ्या गाडीपाशी उभे ऱ्हायले.

"मामा, हिच्यात ऑइल कोणतं टाकता?"

"चाचा टाकतेत त्ये."

"म्हणजे मिनरल का सिंथेटिक?"

मिनरल म्हणलं की माझ्या डोळ्याम्होरं पाण्याची बाटली आली. म्हणलं, एवढे चोचले आपल्या गाडीला कुठनं? "न्हाय बापू," म्या म्हणलो, "मिनरल न्हाय परवडत. साधंच टाकतो."

जावयाला हसू आलं, पर पाव्हण्याच्या घरी हसायचं कसं म्हणून त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "मामा, साधं म्हणजेच मिनरल. सिंथेटिक टाकून बघा एकदा. इंजिन तापत नाही, सारखं सारखं बदलावं लागत नाही. माझ्या गाडीला तेच आहे." असं म्हणत त्यांनी डिकीतनं एक डबा काढला. त्यांच्या गाडीत टाकून लिटरभर उरलेलं. झाकण उघडून दावलं, तर मधावानी पिवळंधम्मक. माझ्या गाडीतलं ऑइल म्या आजवर काळंच बघितलेलं. ह्ये बघून माझी जीभ बाहेर यायची ऱ्हायली.

"घ्या मामा. फक्त मिस्त्रीला दाखवून टाका."

सैपाकघराच्या दारातनं मालकीण डोळ्यानं खुणावत व्हती, घेऊ नका म्हणून. लेकीच्या घरचं काय घ्यायचं न्हाय, ही एक रीत. धोंड्याच्या महिन्यात जावयाला न्हाय म्हणायचं न्हाय, ही दुसरी. दोन रीती समोरासमोर आल्या आन मधी म्या. म्या डब्यातल्या मधाकडं बघितलं आन दुसरी रीत धरली.

जावयाचं शेवटचं बोलणं, मिस्त्रीला दावा म्हणून, त्ये माझ्या कानापातुर आलं आन तिथनंच माघारी गेलं. चाचांना दावायचं म्हंजी काय? इतकी वर्सं त्यांच्या हातचं ऑइल घातलं, आन आता जावयाचा डबा घेऊन जायचं आन म्हणायचं, चाचा, तुमच्यापरीस ह्ये भारी हाय. माझ्यानं व्हईना. दुसऱ्या मिस्त्रीकडं जावं तर चाचांची अट. ऑइल बदलायची येळ तर झालेली. आप्पांची गाडी हळू हळू कण्हाया लागली व्हती.

मंग माझ्या डोक्यात आलं, लोहाऱ्याला काचेचं मोठं सर्व्हिस सेंटर हाय. तिथं मिस्त्री दिसतच न्हाईत, निस्त्या खुर्च्या दिसतेत. डबा कुल्फीच्या पेटीत लपवला आन गेलो. आत गारेगार. काउंटरला एक मॅडम. मला वाटलं पहिलं नाव इचारतील, त्यांनी गाडीचं इचारलं.

"काका, मॉडेल कोणतं?"

"मॅडम, वरच्या अंगाचं सांगू का खालच्या?"

त्यांनी काचेतनं बाहेर बघितलं. गाडी उन्हात उभी व्हती, पेटीतनं पाणी गळत व्हतं. मॅडमनी कागद बाजूला ठिवला. म्या डबा दिला. त्यांनी फिरवून वाचला.

"काका, हे कारचं ऑइल आहे. बाईकला चालत नाही. क्लच घसरेल."

"बर," म्या म्हणलो, पर मनात म्हणलो, वा. आपला डबा खपावा म्हणून पाव्हण्याच्या डब्याला नाव ठिवायचं. म्या बी धंदेवाला माणूस. दुसऱ्याच्या कुल्फीत पीठ असतंय असं म्या रोज चार जणांना सांगतो. म्या डबा उचलला. डब्यावर हातभर कारचं चित्र व्हतं. अक्षर येत न्हाय त्याच्यासाठीच चित्र काढलेलं असतंय. म्या चित्र बघितलं आन मला वाटलं, किती छान कार हाय.

घरी आलो. मालकीण बचत गटाच्या बैठकीला गेलेली. म्हणलं, एवढं काय अवघड हाय? चाचा करताना शंभरदा बघितलंय. खालचा नट काढायचा, जुनं सोडायचं, नट लावायचा, नवं वतायचं. परसात गाडी घेतली. जुनं ऑइल धरायला काय तरी रुंद पायजे म्हणून सैपाकघरातली मोठी परात आणली. नट एका अंगाला फिरवला, फिरंना. जोर लावला, लईच घट्ट झाला. मंग ध्यानात आलं की म्या त्यो आवळत व्हतो. उलटा फिरवला तसा नट निघाला आन तापलेलं काळं ऑइल निम्मं परातीत, निम्मं माझ्या पायावर. म्या एका पायावर परसाला तीन येढे घातले. नटाबरुबर एक बारीक चकती खाली पडली. म्हणलं, ही जास्तीची दिसती, आन खिशात टाकली. मंग जावयाचं ऑइल वतलं, सांडंपातुर वतलं.

तेवढ्यात मालकीण आली.

"ह्ये काय?"

"ऑइल बदललं."

"कुणी?"

"म्या."

"आन परात कुणाची?"

 त्या परातीत तिनं चार दिसांमागं धोंड्याची कणीक मळली व्हती. तिनं पदर खोचला, परात उचलली आन सगळं काळं ऑइल न्हाणीच्या दाराच्या चौकटीला फासलं. "परात तर गेलीच," ती म्हणली, "वाळवी तरी जाऊ दे." अशी आप्पांच्या हक्काची वस्तू आमच्या न्हाणीला गेली, आन आप्पांना एक शब्द बी सांगायची माझी छाती झाली न्हाय. सांगितलं असतं तर चाचांना कळलं असतं.

पहिले तीन दिस काय सांगू? गाडी लोण्यावानी. आवाज न्हाय, तापणं न्हाय. म्या गावोगाव कुल्फी कमी आन सिंथेटिक जास्ती इकलं. ज्याच्या त्याच्यापाशी गाडी थांबवायची आन म्हणायचं, "ऐकू येतंय का? न्हाय ना? सिंथेटिक हाय." एका म्हाताऱ्यानं इचारलं, "कापड सिंथेटिक असतंय, ऑइल बी असतंय का?" म्या म्हणलो, "आता सगळं तसलंच हाय बाबा." त्यात मला काय कळलं व्हतं ते मलाच ठावं.

चौथ्या दिशी लोहाऱ्याचा बाजार. पेटी गच्च भरलेली. मालकीण बी मागं बसली, कारण तिला नवी परात घ्यायची व्हती. गाव सोडलं, ओढा वलांडला आन पुढचा चढ लागला. म्या मूठ पिळली. इंजिन असं वरडलं की इमान उडतंय का काय. पर गाडी काय म्होरं जाईना. आणखी पिळली. आणखी वरडली. मालकिणीनं मागनं हाक मारली.

"आवो."

"काय?"

"ती बाभळ दिसती का?"

"दिसती की."

"मगाधरनं तीच दिसती."

ती उतरली, तरी गाडी चढंना. ती मागनं ढकलाया लागली, तरी इंजिनाचा आवाज माझा आन जोर तिचा. एक शेळ्यांचं खांड आमच्या बाजूनं वर गेलं. शेळ्या वळून वळून बघत व्हत्या. पेटीतनं आता पाणी न्हाय, दूध ठिबकाया लागलं व्हतं.

माझ्या डोक्यात मॅडमचा आवाज आला, क्लच घसरेल. त्याच्या मागं चाचांचा आवाज आला, हिकडं आणायची न्हाय. आन म्या तिथंच धुरळ्यात बसलो. आता हसायचं काम न्हवतं. चाचांनी न्हाय म्हणलं तर ह्या दोन मढ्यांना परत जीव घालणारा माणूस जिल्ह्यात दुसरा न्हाय. उन्हाळ्याचे उरलेले दिस म्हंजी आमचं सगळं वर्स. आन धंदा एक येळ बाजूला ठिवला, तरी ज्या लिंबाखाली इतकी वर्सं चहा पेलो तिथनं तोंड लपवून जायचं म्हंजी गावात ऱ्हायचं कसं?

मागनं आवाज आला. कुईं, कुईं, कुईं. लांबनंच वळखू आला. आप्पांची बैलगाडी. माझ्या ऑइलावाचून दोन्ही चाकं कोकलत व्हती.

आप्पांनी बैल थांबवले. आधी माझ्याकडं बघितलं, मंग गाडीकडं.

"कुल्फीवाल्या, वरडायचं काम माज्या गाडीचं हाय. तुजी कामून वरडती?"

"आप्पा, क्लच गेला जणू."

"कुठं गेला?"

"तुमी काय चेष्टा करता आप्पा."

"म्या कशाला करू? तू हायस की."

म्या पेटी बैलगाडीत ठिवली. मालकीण आप्पांच्या शेजारी बसली. मोटरसायकल कासऱ्यानं बैलगाडीच्या मागं बांधली आन हँडल धरून म्या तिच्यावर बसलो. अशी आमची वरात सास्तुराकडं माघारी निघाली. म्होरं चाकांची सनई, मागं नवरदेव. मालकिणीनं इचार केला, इतळून जाण्यापरीस माणसाच्या पोटात गेलेली बरी. वाटंत जो भेटल त्याला ती गाडीतनं कुल्फी देत चालली. कुणी इचारलं, "वहिनी, आज कशाची खुशी?" ती मागं बोट करायची. "ह्यांची."

गावात शिरायचं म्हंजी चाचांच्या दुकानावरनंच जायचं. म्या मनात म्हणत व्हतो, आता तरी बैल पळू दे. बैलांनी लिंबाची सावली बघितली आन नेमकं तिथंच उभे ऱ्हायले.

चाचा पाना पुसत बाहेर आले. त्यांनी आधी आप्पांच्या चाकाकडं बघितलं.

"आप्पा, तुमची गाडी लई दिसापासनं वरडती. म्या म्हणलो कुल्फीवाला येईल, येईल. आला न्हाय."

"मला बी न्हाय दिलं त्यानं," आप्पा म्हणले.

मंग चाचा माझ्यापाशी आले.  ऑइल बघायची कांडी बाहेर काढली, दोन बोटांत ऑइल घेऊन चोळलं, नाकाला लावलं, उन्हात धरून बघितलं. मधावानी चमकलं. चाचांनी कांडी परत जागेवर लावली आन हात पुसला.

"कोणता मिस्त्री हाय?"

म्या हँडल पुसाया लागलो.

"चांगला हाय. भारी ऑइल टाकलंय. जा मंग त्याच्याकडं."

एवढं म्हणून ते माघारी फिरले आन स्टुलावर जाऊन बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चाचांच्या तोंडचं "चांगला हाय" मला काठीसारखं लागलं.  पेटीतनं ठिबकलेलं दूध गाडीखालनं वघळत म्होरं गेलं व्हतं, आन एक बैल जीभ काढून त्ये चाटत व्हता.

मालकीण गाडीतनं उतरली.

"चाचा, मिस्त्री-बिस्त्री कुणी न्हाय. ह्यांनीच टाकलंय. माज्या कणकीच्या परातीत."

चाचांनी मान वर केली. "खुद?"

"हौ," म्या म्हणलो.

"नट कुठल्या अंगाला फिरवला?"

"आधी आवळला. मंग सोडला."

"ऑइल किती टाकलं?"

"सांडंपातुर."

"आन नटाचं वायसर?"

"कसलं वायसर?"

म्या खिशात हात घातला आन ती बारीक चकती काढून दावली. "ही व्हय? म्या म्हणलो जास्तीची हाय."

चाचांची दाढी हालाया लागली. आधी टोक हाललं, मंग सगळी दाढी, मंग पोट. हसता हसता त्यांनी स्टुलाला धरलं. आप्पा बी हसले. मालकीण तर पदर तोंडाला लावून गाडीच्या मागं गेली. लई येळानं चाचांनी डोळे पुसले, त्या नादात डोळ्याखाली बी काळं लागलं.

"आप्पा, म्या काय म्हणलो व्हतो? दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागला तर आणायची न्हाय. बरुबर?"

"बरुबर."

"मंग ह्यो मिस्त्री हाय का?"

"ह्यो?" आप्पा म्हणले. "ह्याला माझ्या बैलाचं दावं सोडता येत न्हाय."

"मंग ह्याचा हात म्या मिस्त्रीचा हात धरत न्हाय. माकडानं हात घातला म्हणून कुणी गाडी टाकून देतं का? घे रे, गाडी आत घे."

आजवर मला लई जणांनी अडाणी म्हणलं. पर त्या दिशी त्या अडाणीपणानंच माझं घर वाचवलं. म्या एवढ्या खुशीनं गाडी आत ढकलली की ती आणखी एका गाडीवर पाडली.

चाचांनी म्हणलं, काम म्या सांगणार, करणार तू. म्या घमेल्यात ऑइल सोडलं, ह्या येळंला नट नीट फिरवला. इंजिनाचं बाजूचं झाकण चाचांनी स्वता उघडलं. आतनं क्लचच्या प्लेटा काढल्या आन माझ्या म्होरं टाकल्या.

"धू पेट्रोलनं. आन धुताना ऐक. कारचा क्लच येगळ्या खोलीत कोरडा बसतो. मोटरसायकलचा ऑइलात बुडून ऱ्हातो. ह्या प्लेटांनी एकमेकीला घट्ट धरलं तर चाक फिरणार. तू कारचं ऑइल टाकलं, त्ये लई निसरडं असतंय. दोन पैलवानांना तेल लावून कुस्तीला सोडलं तर कोण कुणाला धरंल?"

"म्हंजी सिंथेटिक खराबच म्हणा की," म्या जरा चाचांच्या मर्जीत शिरायला म्हणलो.

"कुणी म्हणलं?" चाचा माझ्यावरच उखडले. "सिंथेटिक चांगलंच असतंय. तुज्या जावयाच्या नव्या गाडीला त्येच पायजे, आन वॉरंटी हाय तवर काचेच्या दुकानातच बदलू दे त्याला. मोटरसायकलचं सिंथेटिक बी येतंय, येगळ्या डब्यात. नवी गाडी असती तर म्याच टाकलं असतं. तुजी गाडी कसली, म्हातारी. हिचे जोड झिजलेले. पातळ ऑइल हिकडनं वतलं की तिकडनं गळतंय. हिला साधं घट्ट ऑइलच बरं, फकत येळच्या येळी. म्हाताऱ्या माणसाला काय बदाम-पिस्ते लागतेत का? येळंवर भाकरी लागती."

"मॅडमनी बी असंच सांगितलं व्हतं, क्लच घसरेल म्हणून."

"मंग ऐकलं कामून न्हाय?"

"मला वाटलं तिला तिचा डबा इकायचाय."

"तू पिठाची कुल्फी इकतो म्हणून सगळी दुनिया तशीच हाय का?"

"चाचा, पीठ न्हाय घालत आमी," मालकीण बाहेरनं म्हणली. "निस्ती साखर कमी घालतो."

दिस मावळायच्या आत प्लेटा बसल्या, साधं ऑइल पडलं, चकती आपल्या जागी गेली. म्या मूठ पिळली तशी गाडी हिसका देऊन म्होरं निघाली. चाचांनी दाढीवर हात फिरवला. पेटीच्या तळाला सात-आठ कुल्फ्या कशाबशा उरल्या व्हत्या, त्या आमी लिंबाखाली बसून खाल्ल्या. चाचांनी एक खाऊन दुसरी मागितली. तवा मला पटलं की खरंच माफ केलं.

ऱ्हायलं घमेल्यातलं जावयाचं ऑइल. चारच दिस चाललेलं, अजून नव्यावानी पिवळं. चाचा म्हणले, "रीत ती रीत. कुल्फीवाल्याच्या गाडीचं ऑइल आप्पांच्या गाडीला." आप्पांनी घमेलं दोन्ही हातांनी घेतलं. दुसऱ्या दिशी त्यांनी चाकं भिजवून भिजवून वंगण घातलं, आन त्यांची गाडी गावातनं अशी गेली की मांजराचा पाय वाजावा पर ती वाजू ने. आप्पा पारावर थांबून थांबून सांगत व्हते, "सिंथेटिक हाय. जावयाचं हाय." ज्याला म्या तीन दिस सांगून कटाळा आणला, त्यालाच आप्पांनी परत सांगितलं. लाकडी चाकाची सिंथेटिक बैलगाडी अख्ख्या जिल्ह्यात आमच्याच आळीला.

तिसऱ्या दिशी सकाळी म्या पेटीत बरफ भरत व्हतो. आप्पा गाडी घेऊन दारातनं निघाले, आन कुईं.

आप्पांनी बैल थांबवले. खाली वाकून चाक बघितलं. सगळं ऑइल चाकातनं गळून वाटंला गेलेलं.

"कुल्फीवाल्या, ह्ये तुमच्या पाव्हण्याचं ऑइल पाण्यावानी हाय. निस्तं पळून जातंय. माजी गाडी बी म्हातारीच हाय, तिला बी तुजं काळंच पायजे."

"आप्पा, आता नवं टाकलंय. काळं व्हायला दोन-तीन महिनं लागतील."

"मंग जरा जास्ती हिंड," आप्पा म्हणले. "कुल्फी इक. तुज्या बी कामाचं, माज्या बी."

तेवढ्यात फोन वाजला. सोलापूरचा. धोंड्याचा महिना अजून सरला न्हवता, म्हंजी जावई अजून देवच व्हते. मालकीण फोनला कान लावायला जवळ येऊन उभी ऱ्हायली, आन कालच आणलेली नवी परात तिच्या हातातच व्हती.

"मामा, सिंथेटिक टाकलं का मग? कसं वाटतंय?"

"एक नंबर बापू," म्या म्हणलो. "गावात सगळे तुमचंच नाव काढतेत."

आप्पांनी बैल हाणले. कुईं, कुईं, कुईं करत गाडी आमच्या दारावरनं रस्त्याला लागली.

"मामा," जावई म्हणले, "तो आवाज कसला येतोय?"

म्या मालकिणीकडं बघितलं. तिनं परात आडवी धरून तोंड झाकलं.

"तुमचंच ऑइल हाय बापू," म्या म्हणलो. "पळतंय."